खडकाचा ताण मोजायला शिकताना : खानदेशातून भूमिगत खाणीत जाणाऱ्यांसाठी

खानदेशात भूमिगत खाण नाही. जळगाव-धुळे-नंदुरबारकडची जी मुलंमुली डिप्लोमा किंवा भूशास्त्र करून या कामाला लागतात, त्यांना जावं लागतं चंद्रपूर-वणी-उमरेडच्या कोळसा पट्ट्यात, बैतूल जिल्ह्यातल्या पाथाखेड्याला, नाहीतर मॉयलच्या मँगनीज खाणींत. तिथे रुजू झाल्यावर हातात एक रीडआऊट बॉक्स येतो, एक रजिस्टर येतं, आणि रोज आकडे लिहायला सांगतात. आकडा कसला, तो खरा कधी मानायचा आणि कधी नाही, हे सांगायला कुणाला फुरसत नसते. ती माहिती इथे क्रमाने दिली आहे. सुरुवातीचा बराच सराव आपल्याकडच्या काळ्या पाषाणावरच करता येतो, तोही सांगितला आहे.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. खडकाचा ताण थेट कोणतंही यंत्र दाखवत नाही. यंत्र दाखवतं तारेची वारंवारता, दोन बिंदूंमधलं अंतर, किंवा लहरीला लागलेला वेळ. त्यावरून ताण काढायचा असतो. म्हणून सेन्सर खडकाला नीट चिकटला आहे का, नकाशावर तो नेमका कुठे आहे आणि काम सुरू होण्याआधी त्याचा आकडा किती होता, हे ठाऊक नसेल तर महागड्या सॉफ्टवेअरवरचे रंगीत नकाशे भिंतीला लावण्यापुरतेच.

आधी कागदावरचा हिशेब

जमिनीखाली उभा ताण म्हणजे डोक्यावरच्या थरांचं वजन. कोळसा क्षेत्रातल्या वालुकाश्म-शेलच्या थरांत तो दर मीटर खोलीला साधारण ०.०२५ मेगापास्कल धरतात. २०० मीटरवर झाला ५ मेगापास्कल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५० किलो. आपला बसॉल्ट यापेक्षा जड, घनता २.८ ते २.९, त्यामुळे त्यात हाच आकडा मीटरमागे ०.०२८ च्या आसपास जातो.

आता गॅलऱ्या, म्हणजे कोळशातले बोगदे, काढल्या. मधला कोळसा गेला, त्याचा भार उरलेल्या पिलरवर, म्हणजे कोळशाच्या खांबांवर, आला. पिलर मध्यापासून मध्यापर्यंत २५ मीटर, गॅलरी ४.५ मीटर रुंद असेल तर पिलरची बाजू उरते २०.५ मीटर. २५ चा वर्ग ६२५, २०.५ चा वर्ग ४२०.२५. भागाकार १.४९. म्हणजे २०० मीटर खोलीवर पिलरवरचा सरासरी ताण ५ गुणिले १.४९, सुमारे ७.४ मेगापास्कल. हा हिशेब ढोबळ आहे. पिलरच्या कडेला ताण जास्त असतो, आणि कड फुटलेली असेल तर उलट गाभ्यात जास्त असतो. तरीही खाली उतरण्याआधी हा आकडा वहीत असलाच पाहिजे. पिलरमध्ये बसवलेल्या सेलने, म्हणजे ताणातला बदल टिपणाऱ्या सेन्सरने, पहिल्याच आठवड्यात १२ मेगापास्कलची वाढ दाखवली तर खडक नव्हे, आधी सेल किंवा त्याच्या आकड्यावरून ताण काढायचा गुणक तपासायचा, हे या आकड्यावरूनच कळतं.

आडवा ताण मात्र खोलीवरून काढता येत नाही. कमी खोलीवर तो बऱ्याच ठिकाणी उभ्या ताणापेक्षा जास्त भरतो. तो मोजावाच लागतो. बोअरमध्ये पॅकर, म्हणजे भोक बंद करणारे रबरी फुगे, बसवून पाण्याच्या दाबाने भेग पाडायची आणि पंप थांबवल्यावर भेग मिटताना किती दाब राहतो ते पाहायचं, ही एक रीत. दुसरी ओव्हरकोअरिंगची: ३८ मिलिमीटरच्या बारीक भोकात स्ट्रेन गेजचा सेल गोंदाने चिकटवायचा, गोंद पूर्ण वाळू द्यायचा, मग भोवतीने मोठ्या व्यासाचा कोअर कापून तो तुकडा ताणमुक्त करायचा आणि किती फुगला ते मोजायचं. ही कामं तज्ज्ञ संस्था करतात. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ रॉक मेकॅनिक्स १९८८ मध्ये कोलार गोल्ड फिल्ड्सला सुरू झाली ती काही उगाच नव्हे. तिथल्या खाणी तीन किलोमीटरच्या पलीकडे गेल्या होत्या आणि रॉकबर्स्ट म्हणजे खडकाचा स्फोटासारखा फुटवा हे तिथलं जुनं दुखणं होतं. नवख्या माणसाच्या वाट्याला येतं ते रोजचं मॉनिटरिंग, म्हणजे ताणातला *बदल* टिपणं. मूळ ताण किती आणि त्यात वाढ किती, हे दोन आकडे रजिस्टरमध्ये कधीही एकाच रकान्यात लिहू नका.

घराजवळचा सराव : काळा पाषाण आणि दोन जिओफोन

हा भाग लांब आहे, कारण इथे हात बसला तर खाली निम्म्या चुका होत नाहीत.

सामान थोडं लागतं. दोन उभे जिओफोन (जमिनीची थरथर टिपणारे सेन्सर), १० किंवा १४ हर्ट्झचे. आठ किलोचा घण. वीतभर लांबी-रुंदीची जाड लोखंडी पाटी. मोजपट्टी. प्लास्टर ऑफ पॅरिस. कॉलेजच्या विभागात सिस्मोग्राफ असेल तर उत्तमच. नसेल तर दोन चॅनेलचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस आणि ऑडॅसिटीसारखं फुकट सॉफ्टवेअर चालतं: एक जिओफोन डाव्या चॅनेलला, दुसरा उजव्याला. लॅपटॉपच्या माइकच्या खोबणीत थेट घालू नका. ती बहुधा एकाच चॅनेलची असते आणि आवाज आपोआप कमी-जास्त करते. ऑडिओ इंटरफेस वीसेक हर्ट्झच्या खालचं कापतो, पण घणाच्या ठोक्याचा बराच भाग त्याच्या वर असतो, त्यामुळे वेळ मोजायला अडचण येत नाही.

जागा निवडा उघड्या पाषाणाची. नाल्याचं खडकाळ पात्र, किंवा मालकाची परवानगी घेऊन बंद असलेल्या खदानीचा तळ. खदानीत कड्यापासून लांब राहा आणि शेजारी सुरुंगाचं काम चालू असेल त्या दिवशी जाऊच नका.

पहिला जिओफोन खडकावर प्लास्टरने चिकटवा, पूर्ण कडक होऊ द्या. दुसरा त्याच रेषेत २० मीटरवर. पहिल्याच्या मागे ५ मीटरवर पाटी ठेवून घण मारा. दोन्ही चॅनेलवर पहिली हालचाल कधी सुरू झाली त्यातला फरक मोजा. ताज्या, अखंड बसॉल्टमध्ये लहर सेकंदाला ५,००० मीटरच्या आसपास धावते, म्हणजे २० मीटरला फक्त ४ मिलिसेकंद. मांजऱ्या, झिजलेल्या खडकात वेग २,००० वर आला तर १० मिलिसेकंद. रेकॉर्डर सेकंदाला १,००० च नमुने घेत असेल तर एका नमुन्याची चूक म्हणजे चांगल्या खडकात ५ मीटरची चूक. खाली हादऱ्याची जागा शोधताना हेच गणित येतं. सॅम्पलिंग कमी ठेवून मेमरी वाचवणं तिथे परवडत नाही.

आता दुसऱ्या जिओफोनचं प्लास्टर फोडा आणि तो खडकावर नुसता टेकवून ठेवा. तोच घण, तेवढाच जोर. पहिली लहर बारीक होते, सुरुवात बोथट होते, आणि मागे लांब थरथर राहते. ती थरथर खडकाची नाही, जिओफोन स्वतःच डुगडुगतोय. दोन्ही नोंदींच्या प्रती काढून जवळ ठेवा. भूमिगत ठिकाणी ग्राऊट, म्हणजे सेन्सरभोवती भरायचं सिमेंटचं पातळ मिश्रण, अर्धवट भरलं गेलं की रेकॉर्ड अगदी असाच दिसतो, आणि तो ओळखता आला की पुढचा आठवडा सॉफ्टवेअरशी भांडण्यात जात नाही.

तिसरा प्रयोग काळ्या मातीवर करा. तापीकाठच्या गाळाच्या पट्ट्यात, यावल-रावेर बाजूला, खडक इतका खोल आहे की घणाची लहर तिथवर पोचून परत यायची नाही. मातीत वेग सेकंदाला काहीशे मीटर. आणि शक्य असेल तर धुळे-साक्री-नंदुरबार बाजूच्या एखाद्या डाइकवर जा. जमिनीतून भिंतीसारखी वर आलेली ती काळी रांग गावात सगळ्यांना माहीत असते. विहीर खणणाऱ्यांना तर फारच, कारण तिच्या एका अंगाला पाणी अडतं. एक जिओफोन डाइकवर, एक बाहेरच्या खडकावर लावा. काही मीटरमध्ये वेग बदलतो. हे एकदा पाहिलं की सगळ्या खाणीला एकच वेग धरून चालत नाही हे पटवून द्यावं लागत नाही.

विहिरीच्या कडेला दिसणारा गेरूचा लाल थर तुम्ही पाहिलाच असेल: वर घट्ट पाषाण, मधे मऊ गेरू, खाली पुन्हा पाषाण. जमिनीवरून अपवर्तनाची मोजणी केली तर तो मऊ थर दिसतच नाही, कारण लहर नेहमी वेगवान थरातून पुढे निघून येते. कोळशाच्या खाणीत नेमकी हीच रचना असते. वालुकाश्मात वेग ३,००० ते ४,००० आणि कोळशात त्यापेक्षा बराच कमी, २,००० च्या थोडा वर. पिलरमध्ये बसवलेल्या सेन्सरकडे लहर सरळ रेषेत कोळशातून येण्याऐवजी छताच्या वालुकाश्मातून वळसा घालून आधी पोचते. सॉफ्टवेअरला सरळ रेषा आणि एक वेग दिला तर ते चुकीची जागा बिनदिक्कत दाखवतं.

खाली उतरण्याआधी

वैद्यकीय तपासणी आणि व्होकेशनल ट्रेनिंग झाल्याशिवाय कुणालाच खाली नेत नाहीत, त्यात घाई करू नका. कोळशाच्या खाणीत मोबाइल, काडेपेटी, साधं इलेक्ट्रॉनिक उपकरण काहीही खिशात चालत नाही. रीडआऊट, लॉगर, बॅटरी हे सगळं त्या वायूश्रेणीच्या (कोळशातून ज्वालाग्राही वायू किती सुटतो त्यानुसार ठरणाऱ्या) खाणीसाठी मंजूर झालेलं लागतं. कॉलेजातला लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेस जमिनीवरच ठेवायचा. कोल माइन्स रेग्युलेशन्स २०१७ प्रमाणे प्रत्येक भूमिगत खाणीला स्ट्राटा कंट्रोल अँड मॉनिटरिंग प्लॅन करावा लागतो. पहिल्या दिवशी तोच मागून वाचा. कुठलं यंत्र कुठे, किती वेळाने वाचायचं, कोणत्या आकड्याला काय करायचं, हे त्यात असतं. आधार न दिलेल्या छताखाली, म्हणजे ग्रीन रूफखाली, रीडिंगसाठी पाऊल टाकायचं नाही. रीडिंग राहिलं तर रजिस्टरमध्ये "घेता आले नाही" लिहा आणि कारण लिहा. रिकामा रकाना किंवा अंदाजाचा आकडा यापेक्षा ते केव्हाही बरं.

कोणतं यंत्र कशासाठी

छत खाली येतंय का, हे सगळ्यात स्वस्तात टेलटेल सांगतो. छताच्या भोकात दोन उंचींवर अँकर, खाली लोंबणाऱ्या रंगीत पट्ट्या. एक अँकर रूफ बोल्टच्या, म्हणजे छताचे थर बांधून ठेवणाऱ्या सळईच्या, लांबीत, दुसरा त्याच्या वर. खालच्या अँकरची पट्टी सरकली तर बोल्ट मारलेला थरच सुटतोय. वरच्या अँकरचीच सरकली तर बोल्टच्या वरचा थर उघडतोय, आणि तिथे आणखी तेवढेच बोल्ट मारून उपयोग नसतो, लांब आधार लागतो. कन्व्हर्जन्स (छत-तळ जवळ येणं) मोजायचं स्टेशन म्हणजे छतात आणि तळात पक्के केलेले दोन बिंदू आणि मधलं अंतर मोजणारी दुर्बिणी काठी. काठी रोज त्याच बाजूने, तेवढ्याच जोराने लावा. माणूस बदलला की एक-दोन मिलिमीटर आपोआप बदलतात, म्हणून नवा माणूस आला की पहिल्या दिवशी दोघांनी मिळून वाचावं.

प्रॉपखाली, म्हणजे छताला दिलेल्या टेकूखाली, लोड सेल, पिलरमध्ये व्हायब्रेटिंग वायर स्ट्रेस सेल, आणि मोठ्या क्षेत्रावर लक्ष ठेवायला जिओफोनचं सूक्ष्म-भूकंपी जाळं. सगळं एकाच खाणीत असेलच असं नाही. मर्यादित पैसा असेल तर आधी टेलटेल आणि कन्व्हर्जन्स भरपूर, मग सेल, मग जाळं, हा क्रम आम्हाला योग्य वाटतो. तीन जिओफोनांचं जाळं लावून समाधान मानणाऱ्या खाणीपेक्षा तीस टेलटेल रोज वाचणारी खाण बरी.

भोक, सेल आणि ग्राऊट

स्ट्रेस सेल पिलरच्या मध्य उंचीवर, आडव्या भोकात बसतो. पिलरची कड पहिले मीटर-दोन मीटर बऱ्याचदा फुटलेली असते. सेल तिथेच अडकवला तर तो लवकर चढतो आणि लवकर उतरतो, आणि गाभ्यात काय चाललंय ते कळत नाही. म्हणून एक सेल ३ मीटरवर आणि एक ५ मीटरवर, वेगवेगळ्या भोकांत. पाचर मारून बसवायच्या सेलचं भोक तोंडाकडे किंचित उतरतं ठेवा, दोन-तीन अंश पुरे. पाणी आणि चुरा आपोआप बाहेर येतो. भोकाचा व्यास सेलच्या पत्रकात दिलाय तेवढाच हवा. झिजलेली बिट वापरली तर भोक अरुंद, हललेल्या रॉडने पाडलं तर लंबगोल. दोन्हीत सेल अर्धवट टेकतो.

सेलची दिशा चुकणं हा सर्रास घडणारा प्रकार. हा सेल एकाच दिशेचा ताण पाहतो. उभा ताण हवा तर त्याचा सक्रिय अक्ष उभाच पाहिजे. सेल ढकलायला पीव्हीसी पाइपचे तुकडे जोडले तर पाइप सांध्यात फिरतो आणि आत सेल २०-३० अंश तिरका बसतो. बाहेर उभ्या माणसाला पत्ताही लागत नाही. उपाय सोपा आहे: प्रत्येक सांध्यात आरपार खिळा किंवा पिन, आणि पूर्ण पाइपवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग पांढरी रेघ. पाइप जळगावचा असो की आणखी कुठला, रेघ मारल्याशिवाय आत घालू नका.

जिओफोन मात्र ग्राऊटमध्ये पुरतात. साधारण ७६ मिलिमीटरचं भोक, ५ ते १० मीटर खोल, म्हणजे गॅलरीभोवतीचा भेगाळलेला भाग ओलांडला जातो. सिमेंटचा हिशेब असा: ७६ मिलिमीटरच्या भोकाला मीटरमागे ४.५ लिटर, दहा मीटरला ४५ लिटर. भेगांत जाणारं आणि सांडणारं धरून ५५ लिटर तयार ठेवा. ५० किलोच्या एका पोत्यात २० लिटर पाणी घातलं, म्हणजे पाणी-सिमेंट प्रमाण ०.४, तर सुमारे ३६ लिटर ग्राऊट होतं. दोन पोती लागतील. प्रमाण ०.५ च्या वर नेलं की ग्राऊट पंपातून छान धावतं, पण नंतर पाणी वर सुटून भोकाच्या वरच्या अंगाला पोकळी राहते. बादलीत पाणी आधी, सिमेंट नंतर, गुठळ्या चाळणीने काढून. पावसाळ्यात ओल लागून गठ्ठा झालेलं पोतं परत पाठवा.

वर जाणाऱ्या भोकात नळ्यांची अदलाबदल झाली की सगळं वाया जातं. ग्राऊट सोडायची नळी आखूड, तोंडापाशी. हवा बाहेर यायची नळी लांब, भोकाच्या टोकापर्यंत. तोंड कॉटन वेस्ट आणि लवकर घट्ट होणाऱ्या सिमेंटने बंद करा, तासभर थांबा, मग पंप सुरू करा. लांब नळीतून बुडबुड्याशिवाय ग्राऊट येऊ लागलं की भोक भरलं. खाली जाणाऱ्या भोकात याच्या उलट, ग्राऊटची नळी तळाला. २४ तास त्या भोकाजवळ ब्लास्टिंग नको.

मल्टिमीटरने तीन वेळा तपासा: आत घालण्याआधी, घातल्यावर, ग्राऊटनंतर. व्हायब्रेटिंग वायरची कॉइल साधारण १५० ते १८० ओहम दाखवते, आणि तापमानाचा थर्मिस्टर २५ अंशांना बहुधा ३,००० ओहम. जिओफोनचा आकडा त्याच्या पत्रकातून आधीच लिहून ठेवा. शून्याजवळ आला तर तार चिकटली, अनंत आला तर तुटली. आणि ५०० व्होल्टचा मेगर सेन्सरला जोडू नका. इन्सुलेशन तपासायच्या नादात सेन्सरच जातो.

एक आपल्या भागातली सूचना. रेझिन कॅप्सूल, गोंद, बॅटऱ्या उन्हाळ्यात ट्रकने किंवा रेल्वेने येताना भुसावळ-जळगावच्या उन्हात पत्र्याखाली दोन दिवस पडून राहिल्या तर त्यांच्या पाकिटावरची मुदत धरू नका. रेझिन आधीच घट्ट होतं आणि भोकात फिरवताना मिसळत नाही. माल उतरल्यावर एक कॅप्सूल दाबून पाहा.

सूक्ष्म हादऱ्यांचं जाळं

खडकात बारीक भेग पडली की पी-लहर आणि तिच्या मागून एस-लहर निघते. हादरा कुठे झाला हे काढायला चार गोष्टी अज्ञात असतात: तीन निर्देशांक आणि हादऱ्याची वेळ. म्हणून किमान चार सेन्सरवर पहिली लहर हवी. प्रत्यक्षात सहाच्या खाली जाऊ नका, कारण एखादा गोंगाटात बुडालेला असतोच. सेन्सर सगळे एकाच पातळीत लावले तर आडवी जागा बरी येते आणि उंची मात्र कुठलीही येते; हादरा छतात की तळात हेच कळत नाही. कोळशाच्या सपाट खाणीत हे हमखास होतं. काही सेन्सर छतात वर आणि काही, जमलं तर, पृष्ठभागावरून बोअर घेऊन बसवा. १४ हर्ट्झचे कोणत्याही कोनात चालणारे जिओफोन निवडा. ४.५ हर्ट्झचे काही अंश तिरके झाले की अडकतात.

हादऱ्यापर्यंतचं अंतर एकाच सेन्सरवरून ढोबळ काढता येतं. पी आणि एस यांच्या वेळेतला फरक गुणिले दोन्ही वेगांचा गुणाकार, भागिले वेगांतला फरक. वालुकाश्मात पी ३,४०० आणि एस १,९६० धरला तर गुणक येतो सुमारे ४,६३०. फरक २० मिलिसेकंद असेल तर हादरा ९३ मीटरवर. हा हिशेब हाताने करायची सवय ठेवा. सॉफ्टवेअरने तोच हादरा ४०० मीटरवर दाखवला तर कुणाची तरी चूक आहे.

चुका बहुतेक वेळा दोन ठिकाणी सापडतात. एक, निर्देशांक: सर्व्हेवाल्याने उत्तर-पूर्व क्रमाने दिलेले, ऑपरेटरने पूर्व-उत्तर क्रमाने भरले. दोन, घड्याळ: जीपीएस खाली पोचत नाही, वेळ पृष्ठभागावरून फायबरने उतरवावी लागते, आणि एखाद्या स्टेशनचा दुवा तुटला की त्याचं घड्याळ हळूहळू सरकतं. एक मिलिसेकंद सरकलं की या खडकात साडेतीन मीटरच्या आसपास चूक.

दोन्ही पकडायला ठाऊक जागेचा सुरुंग. अधिकृत शॉटफायरर नेहमीचा राउंड उडवणार असेल तेव्हा पहिल्या, बिन-डिलेच्या भोकाचे निर्देशांक सर्व्हेकडून घ्या. त्या भोकात स्फोटकाभोवती बारीक तार गुंडाळली तर ती तुटते तो क्षण म्हणजे शून्य वेळ. प्रत्येक सेन्सरपर्यंतचं अंतर भागिले लागलेला वेळ, असा प्रत्येक दिशेचा वेग निघतो. असे सुरुंग खाणीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत घ्या आणि गोफ, म्हणजे कोळसा काढून मागे सोडलेली पोकळी, वाढला की पुन्हा घ्या, कारण लहर पोकळीतून जात नाही, वळसा घालते.

ट्रिगर लावताना छोट्या खिडकीतली सरासरी आणि लांब खिडकीतली सरासरी यांचं गुणोत्तर पाहतात. ३ ते ५ च्या दरम्यान सुरुवात करा. शिवाय ठरावीक वेळेत किमान चार-पाच सेन्सरवर लहर आली तरच नोंद घ्या. ती वेळ म्हणजे जाळ्याची रुंदी भागिले वेग: ६०० मीटर आणि ४,००० चा वेग असेल तर १५० मिलिसेकंद. ड्रिलिंग मशीनचे ठोके नियमित अंतराने येतात. हॉलेज (गाड्या ओढणारं यंत्र) आणि पंपाची ५० हर्ट्झची गुणगुण सगळ्या चॅनेलवर एकसारखी बसते, आणि तिचं कारण बहुधा अर्थिंग किंवा पॉवर केबलला चिकटून टाकलेली सिग्नल केबल. सुरुंगात सगळ्या सेन्सरवर पहिली हालचाल बाहेर ढकलणारी दिसते, भेगेच्या हादऱ्यात काहींवर ढकलणारी आणि काहींवर ओढणारी. पहिले काही आठवडे प्रत्येक नोंद शिफ्टच्या ब्लास्टिंगच्या वेळेशी ताडून पाहा.

आकडा वाचताना

बसवल्यावर किमान आठवडाभर, ग्राऊट किंवा सेल स्थिरावेपर्यंत, रोज वाचा आणि जो आकडा स्थिर राहिला तो पायाभूत धरा. डिपिलरिंग, म्हणजे उरलेले पिलर काढण्याचं काम, जवळ आल्यावर घाईने बसवलेल्या सेलला पाया नसतो. त्याची वाढ किती हे कायमचं अनिश्चित राहतं.

व्हायब्रेटिंग वायरचा हिशेब वारंवारतेच्या वर्गावर चालतो. २,९०० हर्ट्झ म्हणजे वर्ग भागिले हजार, ८,४१० डिजिट. पुढे २,८५० आला तर ८,१२२.५. फरक २८७.५. समजा प्रमाणपत्रावर डिजिटला ०.०१ मेगापास्कल असा गुणक असेल तर बदल सुमारे २.९ मेगापास्कल. आता सांगा, ताण वाढला की कमी झाला? अनेक सेलमध्ये दाब वाढला की आतली तार सैल पडते आणि वारंवारता *उतरते*. नवखा माणूस आकडा कमी झाला म्हणून निश्चिंत होतो. चिन्हाची दिशा त्या सेलच्या प्रमाणपत्रावरून पहिल्याच दिवशी रजिस्टरच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा.

त्याहून गंभीर चूक पुढची. गोफची कड पिलरकडे सरकते तसा पिलरवरचा ताण चढत जातो, एका टप्प्याला शिखर गाठतो आणि मग उतरतो. हे उतरणं म्हणजे सुटका नव्हे. पिलरची कड फुटून त्याने भार सोडला आणि तो शेजारच्या पिलरवर गेला, असा त्याचा अर्थ असू शकतो. त्याच दिवशी कन्व्हर्जन्स वाढलेला असेल आणि शेजारचा सेल चढत असेल तर शंका उरत नाही. एकट्या यंत्राच्या आकड्यावर म्हणूनच निर्णय घेत नाहीत. लहरीच्या वेगाचंही तेच: ताण वाढताना भेगा मिटतात, वेग वाढतो, खडक फुटायला लागला की वेग घसरतो.

सूक्ष्म हादरे ब्लास्टिंगनंतर वाढतात आणि काही तासांत ओसरतात. ती ओसरण्याची चाल तुमच्या खाणीत कशी आहे हे आधी शिका. एखाद्या दिवशी हादरे ओसरलेच नाहीत, किंवा लहानांच्या तुलनेत मोठ्यांचं प्रमाण वाढलं, किंवा सगळे एकाच पिलरभोवती गोळा होऊ लागले, तर लगेच वर कळवा. मोठा फुटवा किती वाजता होईल हे मात्र कुणी सांगू शकत नाही, आणि सांगतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

इशाऱ्याच्या पातळ्या त्या खाणीच्या शास्त्रीय अभ्यासातून ठरतात, शेजारच्या खाणीतून उचलत नाहीत. पातळी फार खाली ठेवली तर रोज धोक्याची घंटा, आणि पंधरा दिवसांत तिच्याकडे कुणी बघत नाही. प्रत्येक पातळीपुढे कृती आणि माणूस लिहिलेला हवा: कोण मोजणी दुप्पट करेल, कोण आधार वाढवेल, कोण माणसं बाहेर काढेल. सिरदार किंवा ओव्हरमन, म्हणजे खाली कामावर देखरेख करणारा माणूस, म्हणाला "छत बोलतंय", तर आकडा हिरव्या पट्ट्यात असला तरी माणसं बाहेर. कडाक्याचा आवाज, ठोकल्यावर खणखणीतऐवजी भद्द वाजणारं छत, प्रॉपवरची लाकडी टोपी चेपणं, हे सगळं वेळेसकट रजिस्टरमध्ये लिहा. नंतर आलेख पाहताना तेच टिपण उपयोगी पडतं.

रजिस्टरच्या ओळीत तारीख आणि शिफ्टबरोबर गोफच्या कडेपासून सेलचं अंतर, शेवटच्या ब्लास्टिंगची वेळ आणि तापमान हवंच. आलेख तारखेवर काढू नका, अंतरावर काढा. काम चार दिवस बंद राहिलं की तारखेवरचा आलेख सपाट होतो आणि सगळं शांत असल्याचा भास होतो.

केबल

यंत्रापेक्षा केबल आधी मरते. गॅलरीच्या तळावरून टाकली तर ट्रॅमिंगमध्ये, म्हणजे कोळसा वाहणाऱ्या गाड्यांखाली, चिरडते, छताला बोल्टच्या प्लेटवरून ओढून बांधली तर छत खचताना तुटते. बाजूच्या भिंतीला, दर दोन मीटरला थोडा ढिला पोट सोडून टांगा. जंक्शन बॉक्स गोफपासून किमान दोन पिलर बाहेर, आणि काम पुढे सरकतं तसा तोही मागे न्यायचा. सांधा ओल्या ठिकाणी करावा लागला तर तार पिळून टेप गुंडाळू नका. जेल भरलेली सांधाकिट वापरा, नाहीतर पाणी शिरून आकडा हळूहळू वाहवतो आणि खडकच हलतोय असं वाटतं. गोफमध्ये गेलेला सेन्सर परत मिळत नाही, तो तसाच सोडायचा, पण केबलचं टोक सुरक्षित बाजूला असेल तर छत पडेपर्यंत तो आकडे देत राहतो. मेन फॉलच्या, म्हणजे गोफवरचं छत मोठ्या प्रमाणावर कोसळण्याच्या, आधीचे हे शेवटचे तास पुढच्या पॅनेलची (खाणीतल्या पुढच्या भागाची) इशाऱ्याची पातळी ठरवायला लागतात, म्हणून टोकावर सेलचा नंबर खोडला जाणार नाही अशा धातूच्या बिल्ल्यावर ठोकून बांधा.